गुणाच्या मेंढ्या

धनश्री एका आठवड्यात पाच जणांना चावली, तेव्हा अंगणवाडीच्या मनिषाताई स्वतः शिवकन्येच्या दारात आल्या. पाचव्या त्याच होत्या. मनगटाला हळद लावलेली होती आणि बोलताना ते मनगट त्यांनी मुद्दाम पुढे धरले होते.

"पोरगी हुशार हाय तुमची. गाणी म्हणती, आकडे म्हणती. पण चावती. आता एकदा जरी चावली तरी मी तिला घेणार न्हाई."

"न्हाई चावणार, ताई."

"हे तुमी पाचव्यांदा म्हणताय."

धनश्री साडेचार वर्षांची होती आणि दाराआडून मनिषाताईंच्या दुसऱ्या मनगटाकडे बघत होती.

शिवकन्येला चाव्यापेक्षा दिवसांची काळजी होती. दिवाळी होऊन गेली होती. पुढच्या शुक्रवारी घरचा मेंढ्यांचा कळप गोदाकाठाकडे चरायला निघणार होता, तो थेट उन्हाळा संपताना परत यायचा. दरवर्षी सगळे घर कळपामागे जाई. तेरा वर्षांचा हरिओम असाच अर्धे वर्ष शाळेत आणि अर्धे वर्ष मेंढ्यांमागे शिकत आठवीपर्यंत पोचला होता. यंदा शिवकन्येने लग्नानंतर पहिल्यांदाच सासऱ्यांसमोर तोंड उघडले होते. "मामा, मी पोरं घेऊन घरीच राहते. ह्यांची शाळा मोडायची न्हाई."

सासऱ्यांनी, म्हणजे हरिबांनी, तीन दिवस उत्तर दिले नाही. चौथ्या दिवशी भाकरी मोडता मोडता ते म्हणाले, "पोरगा मोबाइल घेऊन पडून ऱ्हातो, शाळंत जात न्हाई. पोरगी अंगणवाडीत माणसं चावती. मग मोडायला शाळा हाय कुठं? जायच्या दिसापतोर दोघं सुधारली तर ऱ्हा. न्हाई तर गाठोडं बांध."

म्हणून गुरुवारी शिवकन्या दोन्ही पोरांना घेऊन वडवणीच्या सरकारी दवाखान्यात गेली. तिथे दर गुरुवारी अंबाजोगाईहून योगिता मॅडम येत. मुलांच्या वागण्यावर त्या इलाज करतात आणि सुई टोचत नाहीत, असे तिने ऐकले होते. सासूबाईही बरोबर निघाल्या. कडूबाईंना कोणताही दवाखाना आतून बघायला आवडे.

योगिता मॅडम तरुण होत्या, हळू बोलत होत्या आणि बोलताना कागदावर चौकोन आखत होत्या. दोन्ही मुलांशी वेगवेगळे बोलून झाल्यावर त्यांनी मधोमध एक रेघ मारली.

"दोघांना एकच उपाय चालणार नाही. चार वर्षांच्या मुलीला उद्या म्हणजे काय ते कळत नाही. तिला जे द्यायचं ते लगेच द्यायचं. एक तास चावली नाही, की तिथल्या तिथे कागदावर एक लाल ठिपका आणि शाबासकी. कशासाठी दिला तेही सांगायचं. चावली, तर ओरडायचं नाही, उचलून बाजूला बसवायचं, आणि त्या तासाचा ठिपका नाही."

"अन् भोकाड पसरलं तर?" कडूबाईंनी विचारले.

"नुसतं हट्टाचं रडणं असेल तर लक्ष द्यायचं नाही. पाठ फिरवायची. खरंच काही दुखलं-खुपलं असेल, धोका असेल, तर मात्र लगेच बघायचं."

या वाक्याचा पहिला अर्धा भाग कडूबाईंनी मनात घट्ट बांधून घेतला. दुसऱ्या अर्ध्याच्या वेळी त्या भिंतीवरच्या मेंदूच्या चित्राकडे बघत होत्या.

"हरिओमचं वेगळं," मॅडम म्हणाल्या. "या वयात चारचौघांत शाबासकी दिली तर मुलाला लाज वाटते. त्याच्याशी बसून बोला. त्याला काय हवं, तुम्हाला काय हवं, ते कागदावर लिहा, दोघांनी सही करा. त्याला कळतंय हे धरून वागा."

परतताना एसटीत कडूबाई अस्वस्थ होत्या. उपळीचा फाटा आला तेव्हा त्यांनी ते बोलून दाखवले. "एका चुलीवरची दोन लेकरं. एकाला दूध अन् एकाला ताक असं मी कवा केलं न्हाई. ठिपके द्यायचे तर दोघांला."

"आत्याबाई, मॅडम काय म्हणल्या ते ऐकलं ना तुमी?"

"मॅडमला लेकरं हायत का?"

ते शिवकन्येने विचारले नव्हते.

लाल रंगासाठी फार शोधाशोध करावी लागली नाही. मेंढ्यांना खुणा करायचा लाल रंगाचा डबा ओसरीवरच होता. जी मेंढी विकली जाई, तिच्या पुठ्ठ्यावर हरिबा लाल रंगाचा हात मारत. व्यापारी आला की लाल खुणेच्या मेंढ्या मोजून घेऊन जाई. कागद नाही, साक्षीदार नाही. खूण झाली म्हणजे शब्द झाला. चाळीस वर्षांत हरिबांनी एकदाही खूण पुसली नव्हती. एका साली चुकून भलत्याच मेंढीला हात लागला, तर तीही त्यांनी देऊन टाकली होती.

भिंतीवर जुन्या कॅलेंडरचे पान उलटे लावले. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत त्यावर सात ठिपके पडले. धनश्रीला इलाज लागू पडला, तो इतका की शिवकन्येला भीती वाटू लागली. पोरगी दर पाच मिनिटांनी येऊन विचारी, "चावले न्हाई. दे." पुढे ती स्वतःच डब्यात बोट बुडवू लागली. ठिपका दिला की ती पाठोपाठ म्हणे, "गुणाची हाय. चावली न्हाई." मनिषाताईंनी शनिवारी निरोप पाठवला, की पोरीने आज कोणाला धरले नाही, तोंडाजवळ नेलेला एक हात मात्र परत केला.

बिघडले ते हरिओमचे. तो शनिवारी कसाबसा शाळेत गेला होता. दुपारी फाट्यावर एसटीतून उतरला, तर समोर कडूबाई उभ्या. चार मित्र बरोबर होते. कडूबाईंनी सगळ्यांदेखत टाळ्या वाजवल्या.

"माझा राजा शाळंत गेलता," असे म्हणून त्यांनी पदराआडची वाटी काढली आणि त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर, पाठीवर, लाल रंगाचे बोट टेकवले.

त्यांच्यातला एक जण म्हणाला, "लाल खूण झाली बे. कितीला गेलास?"

"टेम्पो कवा यायलाय तुझा?" दुसऱ्याने विचारले.

सोमवारी हरिओम उठला नाही. पांघरुणातून म्हणाला, "मी न्हाई जाणार. मी इकला गेलोय."

शिवकन्येने दिवसभर वाट पाहिली. संध्याकाळी ती वही घेऊन त्याच्याशेजारी जाऊन बसली. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे आधी त्याला विचारले. त्याला तीन गोष्टी हव्या होत्या. आजीने टाळ्या वाजवायच्या नाहीत. आजीने फाट्यावर यायचे नाही. संध्याकाळी अर्धा तास मोबाइल मिळावा. शिवकन्येला एकच हवी होती.

"मी लिहितो," तो म्हणाला. लिहिता लिहिता थांबून त्याने विचारले, "धनीचा कावून असा कागद न्हाई?"

"ती ल्हान हाय. तिला कागद कळत न्हाई. मॅडम म्हणल्या, कळत्या माणसाचीच सही धरायची."

हरिओमने कागद पुन्हा एकदा वाचला. मग मोठ्या, वळणदार अक्षरात सही केली. मंगळवारी तो शाळेत गेला, बुधवारीही गेला. शिवकन्येने बोटांवर दिवस मोजले. मधे आता फक्त गुरुवार उरला होता.

बुधवारी दुपारी घरात निघण्याची तयारी चालू होती. तिचा नवरा बजरंग घोंगड्या बांधत होता, कडूबाई तिखट-मिठाच्या पुरचुंड्या करत होत्या. धनश्री मेंढ्यांच्या वाड्यात खेळत होती. ती तासभर शांत होती आणि शांत धनश्री ही इतकी नवी गोष्ट होती, की कोणीच उठून बघितले नाही.

वाड्यात तिचे काम पद्धतशीर चालले होते. ती डबा घेऊन एकेका मेंढीपुढे उभी राही आणि थोडा वेळ थांबे. मेंढीने ढुशी दिली तर पुढे जाई. नाही दिली, तर तिच्या अंगावर लाल बोट टेकवून सांगे, "गुणाची हाय. ढुशी दिली न्हाई." ज्या मेंढ्या गाभण होत्या, जड होत्या, त्या सगळ्याच गुणी निघाल्या. कळपाच्या पुढे चालणारी म्हातारी मेंढीही निघाली. द्वाड, भाकड आणि कानफाटी तेवढ्या बिनठिपक्याच्या राहिल्या.

पाचच्या सुमारास तेलगावचा व्यापारी राधाकिशनशेठ टेम्पो घेऊन आला. हरिबांनी आठ म्हाताऱ्या मेंढ्या त्याला विकल्या होत्या आणि सकाळीच त्यांच्या पुठ्ठ्यावर लाल हात मारून ठेवला होता.

"लाल खुणेच्या घ्या भरून," हरिबा शेठच्या माणसांना म्हणाले आणि स्वतः वाड्याकडे पाठ करून बाजेवर बसले. विकलेली मेंढी गाडीत चढताना ते कधी बघत नसत. त्यांना सोबत म्हणून शेठही चहाचा कप घेऊन बाजेवर टेकला.

थोड्या वेळाने वाड्याकडून धनश्री धावत आली. तोंड लाल, हात लाल, फ्रॉक लाल.

"माझ्या मेंढ्या नेल्या. माझ्या गुणाच्या मेंढ्या गाडीत घातल्या."

"आठ हायत गं, इकल्या त्या," बजरंग म्हणाला.

"लई हायत. सगळ्या गुणाच्या नेल्या." आणि तिने अंगणाच्या मधोमध बसून गळा काढला.

कडूबाईंनी पुरचुंडी खाली ठेवली. "कुणी बघू नका. पाठ फिरवा. पाच दिस झाले, आता कुठं गुण यायलाय."

बजरंग घोंगडी घेऊन भिंतीकडे वळला. हरिबांची पाठ आधीच वळलेली होती. चुलीपाशी बसलेल्या शिवकन्येने मान वर केली, लेकीच्या लाल हातांकडे बघितले, काहीतरी टोचले. पण मॅडमचे शब्द तिनेच घरात आणले होते. तिने तव्यावर भाकरी टाकली.

"काय झालं वो लेकराला?" शेठने विचारले.

"काय न्हाई," कडूबाई म्हणाल्या. "दवा चालू हाय. तुमी बी पाठ फिरवा, शेठ."

राधाकिशनशेठ भला माणूस होता, निदान चहा पिताना. तो बाजेवर सरकून दुसऱ्या बाजूला तोंड करून बसला. त्यामुळे त्याची पोटरी धनश्रीच्या बरोबर समोर आली.

शेठची किंकाळी वाड्यापर्यंत गेली. कप फुटला. तो एका पायावर उभा राहून ओरडत होता आणि घरात कोणीही वळून बघत नव्हते. बजरंगने विचारले, "आई, शेठ वरडले तरी न्हाई बघायचं?"

कडूबाईंनी विचार केला. "मॅडमनी वय सांगितलं न्हवतं," त्या म्हणाल्या.

शिवकन्या मात्र उठली होती. शेठच्या पँटवर दातांच्या खुणांभोवती लाल बोटे उमटली होती. तो रंग तिने पुन्हा एकदा बघितला आणि ती हातात उलथणे घेऊन वाड्याकडे पळाली. तिच्यामागे बजरंग, त्याच्यामागे कडूबाई, सगळ्यांत शेवटी लंगडत शेठ आणि हरिबा.

टेम्पो भरून वाहत होता. फाळक्यावरून म्हातारी पुढारी मेंढी शांतपणे बाहेर बघत होती. वाड्यात द्वाड, भाकड आणि कानफाटी एवढ्याच उरल्या होत्या आणि आपसात ढुशा खेळत होत्या.

"लाल खुणेच्या सांगितल्या, लाल खुणेच्या भरल्या," शेठचा माणूस म्हणाला. "लई बसंनात म्हणून दाबून भरल्या."

बजरंग फाळका उघडायला धावला.

"हात लावू नको," हरिबा म्हणाले.

"आबा, गाभण मेंढ्या हायत. कळपच गेला की सगळा."

"खूण झाली. रंग माझ्या डब्यातला, हात माझ्या घरचा. आज पुसली तर उद्या माझ्या खुणेला कोण विचारील?" ते जागचे हलले नाहीत.

राधाकिशनशेठने पोटरी चोळणे थांबवले. "तुमचा शब्द मोठा, आबा," तो हळूच म्हणाला. "मी मधे काय बोलू? लाल ती लाल."

शिवकन्येने हातातले उलथणे खाली घातले. कळप नसला तर गोदाकाठी जायचे कशाला, आणि घरी राहून खायचे काय? शाळेचा प्रश्न आता कोणी काढणारही नव्हते. ही सगळी आग तिच्या कॅलेंडरच्या पानातून लागली होती.

तेवढ्यात फाट्याकडून हरिओम आला, दप्तर पाठीला. त्याने गाडी बघितली, मेंढ्या बघितल्या, बहिणीचे हात बघितले.

"धनीनं केलं?"

"धनीनं केलं," कडूबाई म्हणाल्या. "अन् आबा म्हणत्यात, शब्द झाला."

हरिओम आजोबांसमोर जाऊन उभा राहिला. "आबा, मी सही केली तवा मला कळत व्हतं. म्हणून माझी सही धरायची. धनीला कळत न्हाई, म्हणून तिला ठिपका हाय, कागद न्हाई. मॅडमनी तसंच सांगितलंय. मग तिनं लावलेला रंग म्हंजी शब्द कसा व्हईल?"

"रंग कुणी बी लावू दे, रंग तोच ऱ्हातो."

"मग ती म्हणंल तो सौदा? तिनं मेंढ्या इकल्या म्हणायचं?"

"ए पोरा," शेठ म्हणाला, "आमी मोठी माणसं बोलतोय. लाल ती लाल, एवढं सोपं हाय."

हरिबा बोलणार होते, पण त्यांची नजर टेम्पोच्या ड्रायव्हरवर थांबली. ड्रायव्हर मघापासून चाकाजवळ बसून तंबाखू मळत होता. त्याच्या बनियनवर, बरोबर खांद्याखाली, एक लाल ठिपका होता.

"हे काय?" हरिबांनी विचारले.

ड्रायव्हरने मान वाकडी करून बघितले. "तुमच्या नातीनं लावलं. मी आपला गप बसलोतो. म्हणली, गुणाचा हाय."

हरिबांनी त्या ठिपक्याला बोट लावून बघितले. मग शेठकडे वळले. "शेठ, लाल ती लाल असंल तर ह्यो बी मी तुमाला इकला. ह्याला बी मागं दाबून भरा. गाडी तुमी चालवत न्या."

"चेष्टा करता का, आबा?"

"मी सौद्यात चेष्टा करत न्हाई. एक तर मेंढ्या अन् ह्यो, सगळं माझ्या शब्दानं गेलं. न्हाई तर ती लेकराची खूण, अन् माझी खूण माझी. कोणतं धरायचं, तुमी सांगा."

शेठने ड्रायव्हरकडे बघितले. ड्रायव्हरने तंबाखू तोंडात टाकली आणि जागचा उठला नाही. आपण कोणत्या बाजूला जातो, हे ठरेपर्यंत उठण्यात अर्थ नव्हता.

"काढा बाबांनो खाली," शेठ शेवटी म्हणाला. "आठच ठेवा."

मेंढ्या उतरवायला दिवेलागण झाली. हरिबांनी शेठच्या पोटरीला स्वतःच्या हाताने हळद लावली. टेम्पो गेला. शिवकन्या चुलीपुढे जाऊन बसली. तिचे हात चालत होते आणि डोके फक्त एकच गणित करत होते. निघायला दोन दिवस होते आणि पोरगी सगळ्यांसमोर, सासऱ्यांच्या सर्वांत जुन्या व्यापाऱ्याला चावली होती. पोरगा आज्याला चारचौघांत उलटून बोलला होता. तिने उठून कोपऱ्यातले रिकामे गाठोड्याचे फडके जवळ ओढून ठेवले. सांगायच्या आधी केलेले बरे.

हरिबा जेवायला बसले. धनश्री त्यांच्या मांडीवरच झोपली होती, तोंड उघडे टाकून. ते बराच वेळ तिच्या दातांकडे बघत होते.

"आबा," बजरंगने घसा साफ करत विचारले, "मग ही सुधारली म्हणायची की न्हाई?"

"ते मला काय कळत न्हाई. पण हिला मी कळपासंगं न्हेणार न्हाई. गोदेपतोर माझे सात व्यापारी हायत. सातांच्या पोटऱ्या मी कुठवर राखू?"

शिवकन्येचा हात तव्यावर थांबला.

"अन् हरिओम?" कडूबाईंनी विचारले.

"त्याला तर मुळीच न्हाई. मी प्रत्येक गावाला कुणाला तरी शब्द देणार, अन् हा बाजूला उभा ऱ्हाऊन मला विचारणार, आबा, कळून दिला का न कळता दिला? मला ह्या वयात ते झेपायचं न्हाई." त्यांनी हरिओमकडे न बघता एक घास मोडला. "त्याला शाळंतच घाला. तिथं मास्तर हायत ऐकून घ्यायला. सूनबाई ऱ्हाऊ दे घरी ह्यांच्यापाशी. दोघांला एकटी माणूस पुरी पडंल का, तेवढं तिला इचार."

"पडंल, मामा," शिवकन्या म्हणाली. तिने पदर तोंडाशी धरला होता.

तव्यावरची भाकरी एका बाजूने पार करपून गेली होती. ती तिने स्वतःच्या ताटात घेतली, वर ठेचा घातला, आणि सगळी संपवली.